झारेकऱ्याची विद्या

हिवाळ्यातली संध्याकाळ, सातचा सुमार. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरची गर्दी मागे टाकून तुम्ही टोपी बाजारात वळता. समोरून स्कूटर आली की पायी चालणाऱ्याने जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढायचं. तुम्हीही चढता. त्याच पायरीवर एक आई आणि तिचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा टेकले आहेत. मुलगा शर्ट वर करतो, पोटाची कातडी चिमटीत धरतो, इन्सुलिनचं पेन टोचतो आणि ओठ हलवत दहापर्यंत आकडे मोजतो.

"किती घेतलंस?" आई विचारते.

"चार. गजकचा एकच तुकडा खाणार आहे ना."

आई पुडा सोडते, तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवते आणि तो खाऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.

या मुलाच्या शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशी मारून टाकल्या आहेत. हा टाइप १ मधुमेह. गोड खाण्याने तो होत नाही आणि आईबापांच्या हयगयीनेही होत नाही. रोज चार-पाच वेळा सुई, बोट टोचून साखर बघणं, आणि रात्री झोपेत साखर एकदम खाली गेली तर, ही आईच्या उशाशी कायमची बसलेली भीती.

मेलेल्या पेशींच्या जागी दुसऱ्या कुणाच्या जिवंत पेशी घालता येतील का? या प्रश्नाचा माग काढायला याच गल्लीतून मागे जायचं आहे. पायरी उतरा.

१८९३

स्कूटर गेल्या. टांग्याची घंटा, घोड्याच्या अंगाचा वास, दुकानातून टांगलेले कंदील. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्या छावणीचंच लष्कर शहर झालं. आता गादीवर सतरा वर्षांचे माधवराव शिंदे आहेत. गल्लीत मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळून कानावर येतात. टोप्यांची दुकानं ओलांडून तुम्ही सराफ्याकडे निघता.

दुकानं बंद होण्याची वेळ. एक म्हातारा सोनाराच्या ओट्याखालची धूळ कुंच्याने हलक्या हाताने गोळा करतो आहे. हा झारेकरी. इथली हिंदी बोलणारी मंडळी त्याला न्यारिया म्हणतात. सोनाराच्या कानशीतून, भट्टीतून उडालेले सोन्याचे कण या केरात असतात. तो केर विकत घ्यायचा, जाळायचा, पाण्यात खळबळून धुवायचा. हलकी राख पाण्याबरोबर वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं.

"काका, एवढ्या केरात सोनं ते किती निघणार?" तुम्ही विचारता.

"चिमूटभर. पण पाणी ओतायची घाई केली, की तेही गटारात जातं."

हे वाक्य जपून ठेवा. पुढच्या सव्वाशे वर्षांचं सार त्यात आहे.

याच साली फ्रान्समध्ये लागेस नावाचा शास्त्रज्ञ स्वादुपिंडातल्या काही पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटं' असं नाव देतो आहे. जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांबीचं आणि ऐंशी-शंभर ग्रॅम वजनाचं हे पिंड म्हणजे एका छपराखालचे दोन कारखाने. जवळजवळ सगळं मांस पाचकरस बनवण्यात गुंतलेलं असतं. त्यात इकडेतिकडे विखुरलेले गोल पुंजके असतात, साऱ्या पिंडाच्या एक-दोन टक्के. १८६९ साली बर्लिनमधल्या पॉल लँगरहॅन्स या तरुण विद्यार्थ्याने ते आपल्या प्रबंधात नोंदवले, तेव्हा ते काय काम करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. एक बेट म्हणजे सरासरी ०.१५ मिलिमीटर, पेशी हजार-दोन हजार. रक्तातली साखर चाखून तेवढंच इन्सुलिन सोडायचं, हे त्यांचं काम.

आता डिसेंबरची २० तारीख. तुम्ही इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका इस्पितळात उभे आहात. खाटेवर पंधरा वर्षांचा मधुमेही मुलगा, श्वास खोल आणि धापेचा. डॉक्टर वॉटसन विल्यम्स यांनी ताज्या कापलेल्या मेंढीचं स्वादुपिंड आणवलं आहे. त्याचे तीन तुकडे मुलाच्या कातडीखाली बसवले जातात. तिसऱ्या दिवशी मुलगा जातो.

डॉक्टरांच्या धाडसाला आणि कळकळीला नमस्कारच केला पाहिजे. पण दुसऱ्या जातीच्या प्राण्याचं मांस शरीर सहन करणार नव्हतं, आणि शिवाय सोनं राखेसकट पुरलं गेलं होतं. पाचकरस बनवणारं सगळं मांस बेटांच्या भोवती तसंच होतं. पिंड शरीराबाहेर काढलं की तेच रस शेजारच्या बेटांना खाऊ लागतात. बेटं हवी असतील तर ती आधी निवडून काढली पाहिजेत.

१९२०

पुन्हा टोपी बाजार. दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. एका दुकानात आजोबा नातवाला घेऊन बसले आहेत. दुकानदाराने मखमलीच्या, जरीकाठाच्या टोप्या गादीवर मांडल्या आहेत.

"आजोबा, पाणी," मुलगा म्हणतो.

दुकानदार तांब्या पुढे करतो. मुलगा सगळा तांब्या संपवतो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणतो, "पाणी."

टोपी मापाला बरोबर बसते. तिच्याखालचा चेहरा मात्र फक्त डोळ्यांचा उरला आहे. मोरीत मुंग्या लागतात हे घरात बायकांच्या लक्षात आलं, तेव्हा निदान झालं. आधी गोड बंद झालं, मग भात, आता भाकरीचा तुकडाही मोजून. त्या काळात जगभर या मुलांवरचा उपाय एकच होता, उपाशी ठेवणं. त्याने महिने वाढत, आयुष्य वाढत नसे. आजोबा सर्वांत चांगली टोपी घेतात आणि भाव करत नाहीत.

याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरच्या पहाटे दोन वाजता, कॅनडातल्या लंडन गावी फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यविशारद झोपेतून उठून वहीत चार ओळी लिहितो आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचता. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकायची आणि थांबायचं. पाचकरस बनवणाऱ्या पेशी आपोआप झिजून मरतील, बेटं उरतील, मग त्यांच्यातून हवं ते द्रव्य काढायचं.

त्याची युक्ती नीट बघा. बेटांना हात लावायचा नाही, भोवतालचा पसारा स्वतः संपेपर्यंत वाट बघायची. पुढे इन्सुलिन काढायला ही वाट लागलीच नाही, सरळ पिंडापासूनच अर्क निघाला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सनला पहिलं इंजेक्शन मिळालं आणि २३ जानेवारीपासून अधिक शुद्ध अर्काने त्याची साखर उतरली. टोपी बाजारातला मुलगा आणि ते इंजेक्शन यांच्यामध्ये जेमतेम सव्वा वर्ष होतं. पण बँटिंगची ती पहाटेची ओळ विसरू नका. ती पुण्यात पुन्हा भेटणार आहे.

१९६७

बाजारातून तुम्ही गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाकडे चालत येता. १९४६ साली ते सुरू झालं. विच्छेदनाच्या टेबलापाशी विद्यार्थी दाटीने उभे आहेत. समोर जठर बाजूला सारलेलं, त्यामागे फिकट, खडबडीत स्वादुपिंड. बोट फिरवून बघा. कुठे गाठ लागत नाही, कुठे रंग बदलत नाही. दहा लाखांच्या आसपास बेटं या मांसात आहेत आणि नुसत्या डोळ्याला एकही दिसत नाही. ती काढायची कशी?

उत्तर अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार होतं आहे. पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांच्या टेबलाशी बसा. समोर उंदराहून मोठा पांढरा रॅट आहे. त्याच्या स्वादुपिंडात नळीवाटे क्षारांचं पाणी भरलं जातं. पिंड फुग्यासारखं फुगतं आणि आतली वीण सैल होते. मग बारीक तुकडे करून त्यांत कोलॅजनेज घालतात. जिवाणूंपासून मिळणारं हे विकर पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळवतं. ३७ अंशांवर काही मिनिटं हलवलं की पिंडाचा लगदा होतो.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. राखाडी गाळात फिकट पिवळसर, गोल, नेटके मणी. परातीत तांदूळ पसरून आजी खडे निवडते, तसं इथे खड्यांतून तांदूळ निवडायचा आहे. एक मणी, दुसरा मणी, मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतं. एका रॅटसाठी हे जमेल. माणसासाठी लाखो लागतील.

म्हणून साखरेच्या पाकाचे कमीजास्त दाट थर रचून बेटं वेगळी करून पाहिली. ती सुटली, दिसायला अखंडही होती, पण साखर दाखवली तरी इन्सुलिन सोडेनात. दाट पाकाने त्यांच्यातलं पाणी ओढून घेतलं होतं. पुढे १९६९ मध्ये फायकॉल नावाचं द्रव्य आलं. त्याच्या थरांतून बेटं सुटली आणि कामही करू लागली. पाचकरसाच्या पेशी जड म्हणून खाली बसतात, बेटं हलकी म्हणून वर तरंगतात. सराफ्यात सोनं तळाशी सापडलं, इथे ते वरच्या थरात सापडतं.

१९७२-७३ पर्यंत अशा बेटांनी मधुमेही रॅट बरे झाले. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत ती सोडली तर यकृतात रुजतात, हेही कळलं.

१९८८

सेंट लुईसची तीच प्रयोगशाळा, पण आता टेबलावर माणसाचं स्वादुपिंड. मेंदुमृत झालेल्या कुणाच्या नातेवाइकांनी ते दिलं आहे, बर्फात ठेवून आणलेलं. इटलीहून आलेला कॅमिलो रिकॉर्डी पोलादाचं एक भांडं पुढे ओढतो. आत पिंडाचे तुकडे, सोबत गोळ्या, वरच्या तोंडाला बारीक छिद्रांची जाळी. कोमट द्रव नळ्यांतून गोल गोल फिरतो, भांडं हलत राहतं. जे सुटलं ते जाळीतून लगेच बाहेर पडतं, जे सुटलं नाही ते आत थांबतं. एकदा मोकळ्या झालेल्या बेटाला विकरात उगाच भिजत ठेवायचं नाही, ही या भांड्यामागची कल्पना. आजही जगभर 'रिकॉर्डी चेंबर' याच नावाने ते ओळखलं जातं.

भांडं माझ्या हातात द्या, असं तुम्ही म्हणता. दर दोन-चार मिनिटांनी थेंबभर नमुना काचेवर घ्या, त्यावर डायथायझोनचा थेंब टाका. बेटातल्या जस्तामुळे ती कुंकवासारखी लाल होतात, बाकीचा गाळ फिकट राहतो. लाल ठिपक्याभोवती अजून पिवळं कवच आहे? थांबा, सुटलेलं नाही. कवच गेलं, ठिपका गोल आणि नितळ आहे? आता. झडप फिरवा, थंड द्रव सोडा, विकर थांबवा. आणि ठिपक्यांच्या कडा फाटलेल्या दिसल्या तर उशीर झाला. बेटं फुटू लागली.

ही वेळ कुठल्या पुस्तकात मिनिटांत लिहून ठेवता येत नाही. दाता तरुण असेल तर धागे चिवट, चरबी जास्त असेल तर पिंड वेगळं वागतं, बर्फात किती तास गेले त्यावर पेशींचा दम ठरतो. कोलॅजनेजची एक बाटली दुसरीसारखी नसते, हे तर या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. शुद्धीकरणात झालेली प्रत्येक सुधारणा ही याच अडचणींशी झालेली झुंज आहे. अधिक शुद्ध विकर, अवयव थंड ठेवण्याची अधिक चांगली द्रव्यं, आणि मधल्या तासांची काटकसर.

१९९९

आता पुण्याला चला. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. रमेश भोंडे यांच्या गटाने इथे बेटांचा ध्यास घेतला आहे. टेबलावर उंदराचं स्वादुपिंड. फायकॉलसारखी द्रव्यं परदेशातून येतात, महाग पडतात, आणि प्रत्येक थरात, प्रत्येक फिरवणुकीत काही बेटं हातची जातात.

शेवडे, उमराणी आणि भोंडे यांनी १९९९ साली मांडलेला मार्ग असा: कोलॅजनेजने पिंड सुटं करायचं आणि सगळा लगदा निवड न करता पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून द्यायचा. बाटली उबदार पेटीत ठेवायची. वाट बघायची.

बाटली उजेडात धरा. पाचकरसाच्या पेशी या द्रवात तग धरत नाहीत, त्या मरून गळून जातात. बेटं टिकतात, गोल होतात, नितळ होतात. द्रव बदलला की कचरा निघून जातो. ही बँटिंगचीच पहाटेची युक्ती. त्याने ती जिवंत कुत्र्याच्या पोटात योजली होती, पुण्याने काचेच्या बाटलीत आणली. उपकरणं कमी, खर्च कमी, बेटांना धक्के कमी.

याच केंद्रातल्या आनंदवर्धन हर्डीकर, भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गोठवण्याआधी बेटांना टॉरिन नावाचं द्रव्य दिलं तर वितळल्यावर ती अधिक संख्येने शाबूत सापडतात. दाता आणि घेणारा एकाच दिवशी मिळत नाहीत, म्हणून बेटं साठवता येणं हा निम्मा विजय आहे. आपल्याच माणसांनी, आपल्याला परवडेल अशा वाटेने हे काम केलं, याची आठवण मराठी वाचकाने अभिमानाने ठेवावी.

२०००

एडमंटन, कॅनडा. जेम्स शापिरो आणि त्यांचे सहकारी. खाटेवरचा रुग्ण जागा आहे. बरगड्यांखालून एक बारीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत गेली आहे आणि वर सलाइनसारखी पिशवी टांगली आहे. पिशवीतला द्रव गढूळ दिसतो. ती काही लाख बेटं आहेत, सगळी गोळा केली तर चहाच्या कपाचा तळ जेमतेम झाकेल इतकी. पिशवी हळूहळू रिकामी होते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सात रुग्ण होते आणि सातही इन्सुलिनच्या सुईविना राहू लागले होते.

पण हिशेब मांडा. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान पाच हजार बेटं लागतात, खरं तर दहा हजार हवीत. पन्नास किलोच्या माणसाला पाच लाख. पिंडात दहा लाखांच्या आसपास असतात, हाती पुष्कळदा निम्मीसुद्धा लागत नाहीत. म्हणून एका रुग्णासाठी दोन दाते, कधी तीन. नऊ केंद्रांतल्या ३६ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये आला, तेव्हा वर्षाअखेर सुईविना असलेले १६ निघाले आणि दोन वर्षांनी त्यांतले फक्त ५. ज्या केंद्रांच्या हाताला सराव होता, तिथे यश जास्त होतं. 'घाई केली की तेही गटारात जातं.' शुद्धीकरण सुधारणं म्हणजे एका दात्याच्या दानात एका रुग्णाचं भागवणं.

आज

पायरीवर परत या. मुलाने गजक संपवली आहे, बोटं शर्टाला पुसली आहेत, आईने त्यासाठी त्याला दटावलं आहे. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो. जून २०२३ मध्ये अमेरिकेने दात्यांच्या बेटांपासून तयार केलेल्या लँटिड्रा या उपचाराला मान्यता दिली. २०२५ मध्ये मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेटांचे निकाल आले. बारा रुग्णांपैकी दहा जण वर्षानंतर सुईविना होते. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांचं दुखरं पिंड काढून, त्यातली बेटं सोडवून, त्यांच्याच यकृतात परत घातली जातात. स्वतःचीच बेटं असल्याने शरीर ती नाकारत नाही.

दुसऱ्याची बेटं घेतली तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. म्हणून आज ही वाट मुख्यतः अशा प्रौढांसाठी आहे, ज्यांची साखर न कळत जीवघेणी खाली जाते. पायरीवरच्या मुलासाठी ती आज नाही. त्याचं औषध आज इन्सुलिनच आहे आणि ते त्याला वेळेवर, न चुकता मिळालं पाहिजे. १९२० मधल्या मुलाला जे मिळालं नाही ते याच्या खिशात आहे, हे काही कमी नाही. पण तो मोठा होईल तेव्हा वाट तयार असावी, असं वाटत असेल तर तिचं काम आज व्हायला हवं.

त्यात तुमचाही एक वाटा आहे. भारतात अवयवदानाचा कायदा १९९४ सालचा, तरीही मेंदुमृत दात्यांचं प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाही. झारेकऱ्याला आधी केर मिळावा लागतो, शास्त्रज्ञाला आधी पिंड मिळावं लागतं. आज रात्री जेवताना घरच्यांना स्पष्ट सांगा, की माझ्यावर तशी वेळ आली तर माझे अवयव द्या, आणि त्यात स्वादुपिंडही द्या. कागदावर सही करणं चांगलंच, पण त्या घडीला होकार घरचीच माणसं देतात. त्यांना तुमची इच्छा आधी ठाऊक असू द्या.